तळव्यावरची काडी

पावसाआधी शेतांत फांद्या-पाला जाळून राब भाजायला लागले, की त्या धुरात मला कर्जतच्या दवाखान्यातली ती खाट दिसते. मी तिथे कंपाउंडर होतो. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडताना कडावचा एक शेतकरी झाडावरून पडला, आणि बायकोने त्याला पेंढा घातलेल्या बैलगाडीतून आणलं. कमरेखाली त्याला काहीच कळत नव्हतं. महिन्याभराने डॉक्टरांनी त्याच्या तळव्यावरून काडी ओढली, तसा पाय झटकन आखडला. बायको हरखली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "कणा मोडलाय. पाय हलतो तो कण्यातूनच, परस्पर. मेंदूला त्याची खबरही नाही. तिला नीट सांगा." मी सांगितलं नाही. ती रोज पेंढ्याची काडी घेऊन त्याच्या पायाशी बसायची. "आवो, हालला बगा!" एकदा तो छताकडे बघत म्हणाला, "मी नाय हालवला गं." काडी तिच्या हातात तशीच थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. "मंग कोन हालवतंय, दादा?" "तेच हलवतायत," मी म्हणालो, "त्यांना कळत नाही एवढंच." पुढे पाठीला जखमा झाल्या, ताप चढला आणि एका दुपारी तो गेला. मी तोंडावर चादर ओढायला गेलो, तर ती अजून तळव्यावरून काडी फिरवत होती. "आज का नाय हालवत?" तिने मलाच विचारलं. त्याला आता किती वर्षं झाली. तरी राबाचा धूर आला, की बसल्या जागी माझे पाय पोटाशी येतात. ते मी ओढत नाही.