एकदाच खंगाळलेली नळी

ब्वेनोस आयरेसच्या त्या प्रयोगशाळेत देल्फिना इबार्राने मदतनीस म्हणून एकवीस वर्षं काम केलं आणि कामचुकारपणा एकदाच केला, बसचा संप होता त्या दिवशी. उंदराच्या यकृतातून काढलेलं प्रथिन मिठाच्या कडक पाण्याने तीनदा धुवायचं, हा प्रयोगशाळाप्रमुख डॉक्टर बेरूतींचा नियम. उशिरा पोचलेल्या देल्फिनाने ते कमी मिठाच्या फिक्या पाण्याने एकदाच खंगाळलं आणि गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी त्याच प्रथिनावर संशोधन करणारी ग्रिसेल्दा नाचतच आली. "देल्फी! धरलं गं त्याने! हार्मोन धरलं!"

हे प्रथिन हार्मोनला धरतं, असं पुस्तकात होतं. ग्रिसेल्दाच्या नळीत मात्र दोन वर्षं ते ढिम्म होतं, आणि तिची शिष्यवृत्ती महिनाअखेरीस संपणार होती. तिने लगेच प्रयोग पुन्हा लावला, नियमाप्रमाणे स्वतः तीनदा धुऊन. यंत्रावर शून्य आलं. पोरगी टेबलावर डोकं टेकून रडायला लागली.

नियम मोडला म्हणून डॉक्टरांनी आधीच्या मदतनीस बाईंना त्याच दिवशी घरी बसवलं होतं. पण देल्फिनाची आई इस्पितळात होती तेव्हा तिच्या वाटणीची भांडी महिनाभर ग्रिसेल्दानेच घासली होती, कुणाला पत्ता लागू न देता. तिला असं रडत ठेवून कुठल्या तोंडाने घरी जायचं?

"मी त्या दिवशी एकदाच धुतलं होतं," ती म्हणाली. "तेही फिक्या पाण्याने."

नेमके डॉक्टर दारात उभे. "कुणाला विचारून?"

"मीच सांगितलं होतं," ग्रिसेल्दा डोळे पुसत म्हणाली.

"काही नाही सांगितलं, डॉक्टर. हिला धड खोटंही बोलता येत नाही."

डॉक्टर हसले नाहीत. नळीतलं प्रत्येक प्रथिन वेगळ्या पट्ट्यासारखं दिसतं असे तपासणीचे जुने फोटो कपाटातून काढून बघत बसले. धुण्याआधीच्या प्रत्येक फोटोत त्यांच्या प्रथिनासोबत आणखी एका प्रथिनाचा पट्टा होता. धुतल्यावर तो गायब.

"हा आपण मळ समजत होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "हार्मोन येईपर्यंत हाच आपल्या प्रथिनाला नीट धरून ठेवत असणार. हा गेला की त्याचा आकारच बिघडतो."

"म्हणजे आई कामावरून येईपर्यंत पोर शेजारणीच्या कडेवर," देल्फिना म्हणाली. "आणि आपण शेजारणीलाच हाकलत होतो!"

"सेन्योरा, उद्या माझ्यासमोर धुवा. एकदाच."

दुसऱ्या दिवशी हार्मोन धरलं गेलं. तिसऱ्या दिवशीही. ग्रिसेल्दाच्या शिष्यवृत्तीची मुदत वाढली, आणि भिंतीवरच्या नियमातलं 'कडक पाण्याने तीनदा' खोडून डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'एकदा, फिक्या पाण्याने. शोध: सेन्योरा इबार्रा.'

ते वाचून देल्फिनाला भरून आलं. डोळे कोणाला दिसू नयेत म्हणून ती भांडी घासायला मोरीकडे वळली, तर सगळी भांडी घासून पालथी घातलेली.

"कुणी घासली गं?"

"मला काय माहीत," ग्रिसेल्दा म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत साबण होता.