खुशालरावांच्या मोटारीचं अपचन

अकोल्याच्या जुन्या शहरात डोमाजी मिस्तरीचा मोठा दबदबा. बॉनेटले कान लावून मोटारीचं दुखणं सांगे. बायको इंदूबाईच्या चार हाका मात्र त्याच कानात शिरत नसत, ती गोष्ट वेगळी.

एकसष्ट साली सरकीच्या तेलगिरणीचे मालक खुशालराव यांची अमेरिकन मोटार दोन बैल जुंपून त्याच्या दारात आली. तिले क्लचच नव्हता. गिअर म्हणे आपले आपण बदलत. असली गाडी डोमाजीनं जन्मात पाहिली नव्हती. पण तसं कबूल करणं त्याच्या खानदानात बसत नव्हतं.

"आठ दिवसांत चालती करा," खुशालराव म्हणाले. "गिरणीचे तिन्ही ट्रक तुमालेच देतो. नाही तर नागपूरचा मिस्तरी बोलावतो."

तीन ट्रक म्हणजे बारमाही काम. डोमाजीनं छाती फुगवून हो म्हटलं.

इंजिन डरकाळ्या फोडे, पण गिअर टाकला की गाडी मांडवात रुसलेल्या जावयासारखी जागची हलेना. दोन दिवस त्यानं नट खोलले, लावले, परत खोलले. तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेल भरपूर, पण नुसता फेस. काही उमजेना. पैरणीले बोटं पुसून गडी जेवायले घरी गेला.

इंदूबाईनं ताट वाढता वाढता नाक वर केलं. "कोठी भजे खाऊन आले?"

"कायचे भजे? सकाळपासून मोटारीखाली हाव मी."

"मंग मोटार भजे तळून राहिली काय? सरकीचं तेल हाय हे. माह्या नाकाले शिकवू नका."

डोमाजी उष्ट्या हातानंच गिरणीवर पोचला.

"मालक, गिअरबॉक्सात तेल कोणं टाकलं?"

"म्याच. कमी झालं होतं. घरचं ताजं असताना बाजारातलं काहून घ्यायचं?"

भोवती मुनीम, हमाल, दोन गिऱ्हाईकं. तुमच्याच तेलानं वाट लावली म्हटलं की ट्रक गेले. डोमाजीनं डोकं खाजवलं.

"तेल लई चोख हाय, मालक. विलायती पोटाले पचलं नाही. तिले मुंबईचं पातळच लागते."

खुशालरावांनी गिऱ्हाईकांकडं ऐटीत पाहिलं. पार्सलनं तेल आलं, डोमाजीनं आतली जाळी धुतली, नवं भरलं. सातव्या दिवशी मोटार लाजत लाजत निघाली.

तेव्हापासून खुशालराव येईल त्याले सांगत, आमचं तेल अमेरिकेलेही झेपत नाही. आणि डोमाजी गिरणीच्या ट्रकाखाली पडल्या पडल्या हो म्हणे.