पेवात सोडलेला कंदील

नातवानं भिंतीवर हवा मोजायचं यंत्र लावलं, ते पिंपिं वाजू लागलं आणि मला साठ वर्षांपूर्वीचं साखरखेर्ड्याचं आमचं पेव आठवलं. नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं आणि ज्वारी अजून जमिनीखालच्या त्या खोल कोठारात होती. झाकणाचा दगड सरकताच आंबूस वाफ नाकात शिरली. सासूबाईंनी दोरीनं पेटता कंदील खाली सोडला, तो तळाशी जाऊन विझला. "वाऱ्यानं इझला असंन," म्हणत दीर उतरायला निघाले. सासूबाईंनी त्यांचं धोतरच धरलं, "काचेतल्या जोतीले वारा कुठून लागला बे? आत हवा इखारी हाय, जोत इझली तं माणूसबी इझंन!" मग आम्ही बायांनी दोरीला लिंबाच्या फांद्या बांधून आतली हवा ढवळली, हात भरून आले. कंदील पुन्हा सोडला, आणि या वेळी ज्योत टिकली! आम्ही अशा ओरडलो, जणू लग्नच लागलं. "हे तुहं यंत्र इझते का रे?" मी नातवाला विचारलं. "नाही आजी, हवा बिघडली की वाजतं." मी त्याची कॉलर धरली, "मंग बसला काऊन बे? खिडकी उघड!"