प्लास्टिकखालचं बाबिलोन

आमच्या घरात देवांपासून माझ्या दहावीच्या मार्कशीटपर्यंत सगळं लॅमिनेट केलेलं होतं. नव्वदच्या दशकात ते वेडच होतं. प्लायवर कागद चिकटवायचा, वर तापवलेलं प्लास्टिक दाबायचं, की जन्माची काळजी मिटली. आई पनवेलच्या एका दुकानाची कायमची गिऱ्हाईक. कामोठ्यातल्या आमच्या नव्याकोऱ्या बिल्डिंगच्या भिंतींना पहिल्याच वर्षी ओल आली होती, तेव्हा तिचं चुकत होतं असंही नाही.

तिच्या तावडीतून एकच वस्तू सुटली होती. बाबांचं बाबिलोन.

बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मशीन बसवायला आलेल्या परदेशी इंजिनियरने जाताना त्यांना ते चित्र दिलं होतं. दोन-तीनशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून जाड कागदावर छापलेलं. भलीथोरली तटबंदी, मधून नदी, गच्च्यांवर बागा. कोरणाऱ्याने ते शहर पाहिलेलंच नव्हतं. ते कधीच मातीला मिळालं होतं. बाबांना त्याचंच कौतुक. "न बघता काढलंय, पण एक रेघ ढिली नाही," म्हणायचे.

मग साखरेने बाबांचे डोळे खाल्ले. नोकरी गेली. घरात कुणाशी धड बोलेनात. ताट पुढे केलं तरी खेकसायचे. मला त्यांची भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा राग जास्त यायचा.

चित्राची काच घर बदलताना फुटली होती, ती तशीच राहिली. एका संध्याकाळी त्यांनी ते मांडीवर मागून घेतलं आणि बोट फिरवायला लागले. अशा छपाईत शाई कागदावर किंचित उभी राहते. मला काही लागायचं नाही, पण जन्मभर रेघा ओढलेल्या त्या बोटांना लागायचं. "हा दरवाजा. इथून बाग," ते सांगायचे, आणि बोट बरोबर तिथेच असायचं. मग रोजच ते सुरू झालं. तेवढा वेळ आमचे जुने बाबा घरात असायचे. आई स्वयंपाकघरातून ऐकत राहायची.

त्या पावसाळ्यात कागदाच्या कडेला बुरशी दिसली. आईने धसका घेतला. कुणाला न विचारता ती चित्र घेऊन पनवेल गाठून आली.

"अहो, बघा तरी. आता पाण्यात टाकलं तरी काही होणार नाही," तिने चकचकीत बोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला.

बाबांनी हात ठेवला. डावीकडून उजवीकडे नेला, परत आणला. नखाने कड चाचपली. मला कळलं. प्लास्टिकवर बोट नुसतं घसरत होतं. आता ते बोर्ड भिरकावतील आणि आईला नको ते बोलतील, म्हणून मी पुढे झाले.

"छान झालंय," बाबा म्हणाले. इतक्या मऊ आवाजात ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. "अगं, बस ना इथे. तुला कधी दाखवलंच नाही."

आई पदराला हात पुसत शेजारी टेकली. बाबांनी बोट टेकवलं. "हा पूल. दगडी. नदीवरचा."

बोट कोऱ्या आभाळात होतं.

आईने बोटाकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"हो," ती म्हणाली, "पूलच आहे."