पिंकी, हळू चालव

ग्रुपवाल्यांनो, दुपारी माझ्या पोरीच्या, रियाच्या निवडीचा फोटो टाकला होता. तो आता काढून टाकला. कावून, ते सांगतो.

कयाकच्या, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीच्या नॅशनलले आपल्या मनानं जाता येत नाही. राज्य संघटना ट्रायल घेते आणि जिंकलेल्याचं नाव पाठवते. आज तलावावर रियाच्या गटात ती एकटीच होती. तिथले साहेब म्हणाले, "एकाच बोटीची ट्रायल वर दाखवता येत नाही. आणखी एक पोरगी आणा."

मी आमच्या कॅम्प-वन वस्तीत जाऊन शेजारच्या पिंकीले स्कूटरवर बसवून आणलं. तीही कयाक शिकून राहिली, पण यंदा ट्रायल देणार नव्हती.

अर्ध्या अंतरावर पिंकी पुढं निघाली. मी काठावरून ओरडलो, "पिंकी, हळू चालव." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पॅडल थांबवलं. रिया जिंकली.

रिया बोटीतून उतरली आणि एकटीच पायी घरी निघाली. घरी सोडताना पिंकीनं विचारलं, "काकाजी, पुढच्या वर्षी मी जोरात चालवली तं चालन का?"

उद्या त्या साहेबांले काय सांगू, ते तुम्ही सांगा. पिंकीले काय सांगू, ते मलेच पाहावं लागन.