शांघाय सोडून दिंद्रुडला

माझ्या सख्ख्या चुलत्यांनी मला वकिलाची नोटीस पाठवली, ती एका फाशांच्या खेळामुळे.

खेळ साधा आहे. चार माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि अडलं की फासे टाकतात. आमच्या गोष्टीचा काळ नव्वद वर्षांपूर्वीचा: पंख्यांची विमानं, हॅटवाले गुप्तहेर, हरवलेली देवळं, मिशीवाले खलनायक. गोष्ट सांगणारा मी. (गेवराईत ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे कुणी ऐकत नसलं तरी बोलत राहायची सवय आहे.)

या खेळाला पुस्तकं लागतात. काही पुस्तकांत तयार साहसं असतात, काहींत नुसती माहिती: त्या काळी कुठल्या शहरात कुठली गल्ली, कुणाकडे कसलं पिस्तूल, बोट किती वाजता सुटायची. सगळी परदेशी. मी वर्षभर त्यांच्या मागे धावलो. एखादं सापडलं की त्याची फाइल मुजीबच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आणायचो. एकट्या शांघायवर तीनशे पानं निघाली! ती बघून माझी बायको रेखा म्हणाली, "एवढ्या पानांत लोकांची पीएचडी होते."

रविवारी दुपारी खेळायला बसलो. मुजीब वैमानिक, गुरांचे डॉक्टर गुप्तहेर, आणि रेखा धाडसी वार्ताहर (तिला कुणी विचारलं नव्हतं).

"तुमचं विमान शांघायला उतरलं. धुकं आहे. समोरून एक सावली येतेय," मी आवाज खोल करून म्हणालो.

"सर, हितून गेवराई किती लांब?" मुजीबने विचारलं.

"कावून?"

"न्हाई, घरी जावं म्हणतो. आपल्या वळखीचं हितं कोणीच न्हाई."

डॉक्टरांनीही मान डोलावली. "आपल्या इकडलं काही काढा, सर. निजामाच्या काळात इकडं बी लई भानगडी झाल्यात."

मला ते पटलं, आणि तिथंच माशी शिंकली. इकडच्या भानगडींचं पुस्तक कुणी काढलेलं नव्हतं, म्हणून ते मीच लिहायला घेतलं. साहस ठरलं: दिंद्रुडच्या शिवारात, बांधाच्या दगडाखाली पुरलेली मूर्ती. माहिती गोळा करायला दिंद्रुडला तात्यांकडे गेलो. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे, आप्पांचे, थोरले भाऊ. आप्पा गेवराईत माझ्याकडे राहतात, पण दोघांची शेतं लागून आहेत, मध्ये एक बांध.

"तात्या, निजामाच्या काळात आपलं शेत कसं होतं?"

"शेतासारखं."

"बांधाचे दगड पहिल्यापून हितंच हायेत का?"

तात्यांची चहाची बशी ओठांपर्यंत जाऊन थांबली. "तुला कावून पायजे?"

"पुस्तक लिहितोय."

"आमच्या बांधावर?"

"हो. लई भारी गोष्ट हाय त्यात."

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी आमच्या विहिरीपासून बांधापर्यंत पावलं मोजली, चौदा भरली, ती वहीत लिहिली. दगडांचे फोटो काढले. निघताना तात्यांच्या मुलाला विचारलं, "पहाटे कुणी हितं दगड हलवला तर गावात कुणाला दिसंल का?" (मी मूर्तीचोराच्या सोयीसाठी विचारत होतो.) त्याने फक्त माझ्या गाडीचा नंबर बघून घेतला.

खेळणाऱ्यांच्या हातात खराखुरा कागद पडावा, म्हणून मग मी मोजणीच्या कचेरीतून निजामकाळच्या नकाशाची नक्कल काढली. आमच्याकडे माणूस दवाखान्यात गेला तर भावकीला आठवड्याने कळतं. मोजणीच्या कचेरीत गेला तर तो बाहेर पडायच्या आत कळतं. त्या नकाशाप्रमाणे विहीर ते बांध अंतर वीस पावलांचं येत होतं. मी थोडा विचार केला, या फरकाचं एक अभ्यासपूर्ण कारण वहीत टिपलं, ते दोनदा अधोरेखित केलं, नक्कल आणखी जुनी दिसावी म्हणून चहात बुडवली आणि पुढच्या प्रकरणाकडे वळलो.

चौथ्या दिवशी नोटीस आली. त्याचं मला हसू आलं. पत्रिका मात्र आली नाही, आणि ते हसण्यासारखं नव्हतं. तात्यांच्या नातीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. लग्नाची पहिली पत्रिका सख्ख्या भावाला द्यायची, हळदीकुंकू लावून, स्वतः जाऊन. आप्पांनी त्यासाठी नवा फेटा आणून ठेवला होता. भावकीत सगळ्यांना पत्रिका पोचल्या. आप्पा दारात मोटरसायकल वाजली की उठायचे, बघायचे, परत बसायचे.

"तुझ्या फाशांपायी माझा भाऊ गेला," ते एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला ते फार लागलं.

मी पुस्तकाची सगळी पानं उचलली आणि तडक दिंद्रुड गाठलं. म्हटलं, तात्यांना दाखवू की हे नुसतं खेळणं आहे. तात्यांनी चष्मा लावला, मधलंच एक पान काढलं आणि मोठ्याने वाचू लागले.

"'खलनायक. पांढऱ्या मिशीचा जमीनदार. दर पेरणीला थोडा थोडा बांध कोरतो, दगड सरकवतो. कुणी विचारलंच तर चहा पाजतो.'" त्यांचा हात आपल्या मिशीकडे गेला. "हा कोण बे?"

"कोणीच न्हाई, तात्या. मनानं लिहिलाय."

"मनानं?"

"इंग्रजी पुस्तकात तो हिरे चोरायचा. आपल्याकडं हिरे कुठून आणू? म्हणून त्याला बांध दिला."

तात्यांनी पानं सारखी केली, माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या येतो म्हणावं."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. पत्रिकेला हळदीकुंकू लावलेलं होतं. ती आप्पांच्या हातात देऊन खाली मान घालून बसले.

"पंधरा वर्सांत सहा पावलं सरकलोय तुझ्याकडं," ते म्हणाले. "लग्न झालं की दगड मागं घेतो. नोटीस फाडून टाका. अन् पोराला म्हणावं, ते पुस्तक छापू नको."

"म्हाईत हाय मला," आप्पा म्हणाले.

"कवापून?"

"पहिल्या पावलापून."

"मग बोलला कावून न्हाईस?"

"बोललो असतो तर तू घरी आला असतास का?"

तात्या धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत राहिले. माझेही डोळे भरून आले. आप्पांनी आत जाऊन तो नवा फेटा आणला आणि तिथंच बांधायला घेतला, लग्नाला अजून आठवडा होता तरी.

चहा घेऊन आलेली रेखा म्हणाली, "मला तर लग्न होऊन आले त्याच वर्षी कळलं. मुजीबभाईला नक्कल अन् तुमची वही झेरॉक्स करतानाच कळलं. त्यांना वाटलं, सर त्याच्याचसाठी एवढे हिंडायलेत."

"मग मला कुणी सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी एवढी पावलं मोजली, एवढे नकाशे काढले. आमाला वाटलं, तुमाला उमगलं असंल."

असं म्हणून तिने टेबलावरची माझी वही उचलली आणि दोनदा अधोरेखित केलेली ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली: "निजामाच्या काळात माणसं लहान पावलं टाकत असावीत."