विलीन झालेल्या केंद्राचं बियाणं

पेडगावजवळच्या ज्वारी संशोधन केंद्रात मी वीस वर्षं सहायक होतो. देशातल्या कृषी संशोधनाची फेररचना झाली आणि आमचं छोटं केंद्र दूरच्या एका मोठ्या संस्थेत विलीन झालं. गावोगाव फिरून जमवलेलं जुन्या वाणांचं बियाणं तिकडे जायचं होतं. पण ते कोणी ताब्यात घ्यायचं, हेच ठरेना. मी पत्रं लिहीत राहिलो. दरम्यान हे बियाणं ठेवलेल्या शीतगृहाची वीज तोडली गेली. दोन उन्हाळे उलटल्यावर बियाणं पाठवण्याचा आदेश आला.

पाठवण्याआधी उगवण तपासायला मी आणि केंद्रात शेतकाम करणाऱ्या मावशींनी प्रत्येक वाणाचे थोडे दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. पाचव्या दिवशी मावशींनी गोणपाट उलगडलं. दाण्यांवर काळी बुरशी होती.

"एकबी उगवला न्हाई, सायेब," त्या म्हणाल्या. "आमच्या राणीसावरगावची ज्वारी तर आता गावातबी कुणाकडं न्हाई."

मी तसं वर कळवलं. उत्तर आलं, यादीप्रमाणे पेट्या पाठवा. मग आम्ही दोघांनी ते मेलेलं बियाणं पिशव्यांवर वाणांची नावं लिहून पेट्यांत भरलं.